इस्पितळातील प्रौढ रुग्णाचे पोषण: तपासणीचा आणि काळजीचा बरोबर क्रम

रुग्ण दाखल होतो, केस पेपरावर वजनाच्या चौकटीत ‘६०’ लिहिले जाते, पोषण तपासणीच्या अर्जात शून्य गुण पडतात आणि अर्ज फायलीत जातो. प्रत्यक्षात त्या रुग्णाला काट्यावर कोणी उभे केलेलेच नसते. वॉर्डात नव्याने रुजू झालेल्या सिस्टर, इंटर्न डॉक्टर आणि शिकाऊ आहारतज्ज्ञ यांच्याकडून हे काम दोन ठिकाणी हमखास चुकताना मी पाहते. सुरुवातीला मोजमाप अंदाजाने होते आणि गुण काढून झाल्यावर रुग्णाच्या ताटाकडे कोणी बघत नाही. मधले गुणांचे कोष्टक त्या मानाने सोपे आहे, म्हणून त्याला येथे कमी जागा दिली आहे.

ही पद्धत साध्या वॉर्डातील प्रौढ रुग्णांसाठी आहे. मुले, गरोदर स्त्रिया आणि अतिदक्षता विभागातील रुग्ण यांचे निकष वेगळे असतात. त्यांना ही मापे लावू नयेत.

## पूर्वतयारी: खाटेजवळ जाण्याआधी

वजनकाटा, उंची मोजण्याची पट्टी, न ताणली जाणारी मोजपट्टी, गुणांचे कोष्टक आणि रुग्णाचे जुने कागद एवढे सामान हाताशी असावे. जुने कागद मुद्दाम मागावेत. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या आरोग्य केंद्रातून घेणाऱ्या रुग्णाच्या पुस्तिकेवर मागच्या काही महिन्यांचे वजन पुष्कळदा लिहिलेले सापडते आणि ते रुग्णाच्या आठवणीपेक्षा अधिक भरवशाचे असते.

काटा सपाट, कडक लादीवर ठेवावा. जुन्या इमारतींत लादी एका बाजूला खचलेली असते; तेथे काटा एकेका दिवशी दोन किलोंचा फरक दाखवतो आणि तो फरक रुग्णाच्या नावावर चढतो.

पडताळणी: आठवड्यातून एकदा पाच किलो तांदळाची दोन न फोडलेली पाकिटे काट्यावर ठेवून पाहावीत. काटा दहाच्या आसपास थांबत नसेल तर दुरुस्त होईपर्यंत तो वापरू नये.

## १. वजन: पहिल्या २४ तासांत आणि स्वतःच्या डोळ्यांनी

सकाळी, लघवी झाल्यावर, हलक्या कपड्यांत, चपला काढून आणि काटा शून्यावर असल्याचे पाहून वजन घ्यावे. लघवीची पिशवी लावलेली असेल तर ती आधी रिकामी करावी. प्लास्टर असेल तर तशी नोंद करावी. उभे राहता येत नसलेल्या रुग्णासाठी खुर्चीचा काटा वापरावा. तो नसेल तर ‘वजन घेता आले नाही’ असे स्पष्ट लिहून पुढच्या टप्प्यातील दंडाचे माप घ्यावे. रिकामी चौकट अंदाजाच्या आकड्यापेक्षा बरी, कारण ती पाहून पुढचा माणूस निदान वजन घेण्याचा प्रयत्न तरी करतो.

पायांवर सूज किंवा पोटात पाणी असेल तर काट्यावरचा आकडा खोटा दिलासा देतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत यकृताच्या आजाराची एक बाई दहा दिवस ५४ किलोंवर होती आणि मी रोज ‘वजन स्थिर’ लिहीत होते. एका सकाळी तिने पाण्याचा तांब्या उचलायला हात वर केला, तेव्हा हातातली हिरवी काकणे मनगटावरून घसरून थेट कोपराला जाऊन थांबली. पोटातले पाणी काढून सूज उतरल्यावर तिचे वजन ४६ भरले. त्या दहा दिवसांत अंगावरचे मांस झडत होते आणि तेवढेच पाणी वाढत होते. काट्याला दोन्ही सारखेच.

सावधान: सूज किंवा जलोदर असलेल्या रुग्णाच्या वजनापुढे ‘सूज आहे’ हे शब्द लिहिल्याशिवाय तो आकडा कोणत्याही गणितात वापरू नये. अशा रुग्णाचे कानशीळ, गळपट्टीचे हाड, खांदा आणि मांडी हाताने चाचपून पाहावी. मांस कमी झाल्याचे तेथे आधी कळते.

## २. उंची आणि दंडाचा घेर

उंची विचारून लिहू नये. पाठीला बाक आलेली आजी आपली तरुणपणची उंची सांगते किंवा ‘कधी मोजलीच नाही’ म्हणते. उभे राहता येत असेल तर भिंतीला टाचा टेकवून मोजावी. येत नसेल तर डावा हात छातीवर आडवा, बोटे उजव्या खांद्याकडे अशा स्थितीत ठेवून कोपराच्या टोकापासून मनगटाच्या करंगळीकडील उंचवट्याच्या मध्यापर्यंतची लांबी घ्यावी आणि कोष्टकातून वय व लिंगानुसार उंची काढावी.

दंडाचा घेर घेताना चूक होते ती मध्यबिंदूत. कोपर काटकोनात दुमडून खांद्याच्या हाडाचे टोक आणि कोपराचे टोक यांच्या बरोबर मधोमध खूण करावी आणि मग हात सैल खाली सोडून मोजपट्टी न आवळता माप घ्यावे. घेर २३.५ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर बीएमआय (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) २० च्या खाली असण्याची शक्यता धरावी.

## ३. विचारपूस: येथे घाई करू नये

‘जेवलात का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. आपल्याकडे गोव्यात त्याचे उत्तर शिष्टाचार म्हणून ठरलेले असते: ‘जेवलों गो बाय.’ त्याऐवजी काल सकाळपासून काय काय आणि किती पोटात गेले ते क्रमाने विचारावे, आणि आजारापूर्वीच्या आहाराच्या अर्धे, पाव की जवळपास तेवढेच, हे ठरवावे. हे कधीपासून सुरू आहे, तेही त्याच ओळीत लिहावे.

‘सहा महिन्यांपूर्वी वजन किती होते?’ यालाही बहुतेक रुग्ण खांदे उडवतात. गोव्यातल्या माणसाला सणांचे टेकू द्यावेत. चवथीला (गणेश चतुर्थीला) माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळाफुलांची मांडणी, बांधायला स्टुलावर चढला होतात का? नाताळाला शिवलेली पँट आता कमरेवर राहते का? शिगम्यात रोमटासोबत (ढोलताशांच्या मिरवणुकीसोबत) चालला होतात का? पट्ट्याला नवे भोक पाडले का, अंगठी सैल होऊन काढून ठेवली का, हेही विचारावे. वाहन परवान्यावरचा फोटो आणि समोरचा चेहरा शेजारी धरून पाहिला तर घरच्यांनाही पहिल्यांदाच फरक जाणवतो.

यानंतर तोंडात पाहावे. टॉर्च लावून जीभ, हिरड्या आणि दात पाहायला एक मिनिट लागते. कवळी घरी कपाटात राहिलेला रुग्ण ‘भूक नाही’ असेच सांगतो. गिळताना ठसका लागतो का, जेवणानंतर आवाज घोगरा होतो का, पोट किती दिवस साफ झालेले नाही आणि वेदनेची गोळी जेवणाआधी मिळते की नंतर, हे सर्व याच बैठकीत नोंदवावे.

दारूचा प्रश्न नातेवाईक बाजूला गेल्यावर विचारावा. बायको आणि मेव्हणा समोर असताना ‘सोरो (दारू) घेता का?’ याचे उत्तर नकारार्थीच येते. फेणी, हुर्राक की आणखी काही, रोज किती, हे एकांतात कळते. सहाव्या टप्प्यात या उत्तरावर बरेच काही अवलंबून आहे.

पथ्य आणि वार यांचीही नोंद करावी. ‘मांसाहारी’ एवढे लिहून भागत नाही. कोणी सोमवारी नुस्ते (मासे) वर्ज्य करतो, कोणी गुरुवारी, कोणी सारा श्रावण अंडेही शिवत नाही, आणि ख्रिस्ती रुग्ण ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात मांस टाळतो. हे लिहिलेले नसेल तर त्या दिवशीचे प्रथिनांचे गणित ताटासकट परत जाते.

## ४. गुण काढणे

कुपोषणाचा धोका तपासण्याचे, भारतातही वापरात असलेले ‘मस्ट’ (MUST) कोष्टक येथे घेतले आहे. तुमच्या इस्पितळात ‘एनआरएस-२००२’ ही दुसरी गुणपद्धत असेल तर तेच वापरावे, पण एकाच वॉर्डात दोन पद्धती मिसळू नयेत.

- बीएमआय २० पेक्षा जास्त: ०, १८.५ ते २०: १, १८.५ पेक्षा कमी: २.
- मागील ३ ते ६ महिन्यांत प्रयत्न न करता घटलेले वजन ५ टक्क्यांपेक्षा कमी: ०, ५ ते १० टक्के: १, १० टक्क्यांपेक्षा जास्त: २.
- तीव्र आजार असून ५ दिवसांपेक्षा जास्त काळ पोटात काही गेलेले नाही किंवा जाण्याची शक्यता नाही: २.

बेरीज ० असेल तर धोका कमी. आठवड्याने पुन्हा तपासावे. १ असेल तर तीन दिवस खाण्याची नोंद ठेवावी. २ किंवा अधिक असेल तर त्याच दिवशी आहारतज्ज्ञाला कळवावे.

एक उदाहरण पुढे शेवटपर्यंत धरू. समजा, गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला ५८ वर्षांचा गृहस्थ फेब्रुवारीत छातीच्या संसर्गाने दाखल झाला. वजन ४७ किलो, उंची १.६२ मीटर, म्हणून बीएमआय १७.९. चवथीच्या सुमारास आरोग्य केंद्राच्या पुस्तिकेवर वजन ५३ किलो. घट ६ किलो. ही घट जुन्या वजनाने भागायची असते: ६ भागिले ५३, म्हणजे ११.३ टक्के. आजच्या ४७ ने भागले तर १२.८ येतात. या रुग्णात दोन्ही उत्तरे एकाच गटात पडतात म्हणून चूक लपते. घट ५ किंवा १० टक्क्यांच्या सीमेवर असेल तेव्हा तीच चूक गट बदलते. त्याचे गुण २ अधिक २, एकूण ४.

सावधान: अंगाने जाड रुग्णाला न मोजता शून्य देऊ नये. बीएमआय २९ असलेल्या माणसाचेही पाच महिन्यांत १२ टक्के वजन न ठरवता गेले असेल तर त्याला २ गुण पडतात.

## ५. निदान लिहिणे

गुण म्हणजे धोक्याची घंटा; निदान वेगळे. कुपोषणाच्या निदानासाठीच्या २०१९ च्या ‘ग्लिम’ (GLIM) या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे शरीरावरची एक खूण आणि एक कारण अशी जोडी लागते. खूण म्हणजे वजनातली घट, कमी बीएमआय किंवा कमी झालेले स्नायू. आशियाई लोकांत बीएमआयची मर्यादा ७० वर्षांखाली १८.५ आणि त्यापुढे २० धरतात. कारण म्हणजे घटलेला आहार, अन्न अंगी न लागणे, किंवा दाह निर्माण करणारा आजार. आपल्या उदाहरणात सहा महिन्यांत १० टक्क्यांहून अधिक घट आणि संसर्ग दोन्ही आहेत. ‘तीव्र कुपोषण’ असे केस पेपरावर शब्दांत लिहावे, म्हणजे राउंडला ते वाचले जाते.

रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनावरून कुपोषण ठरवण्याची सवय अजून गेलेली नाही. संसर्ग आणि दाह यांत अल्ब्युमिन आपोआप खाली येते, आणि निव्वळ उपासमारीत ते बराच काळ नीट राहू शकते. त्याचा आकडा आजाराची तीव्रता सांगतो. जेवण किती पोटात गेले ते सांगत नाही.

## ६. खाऊ घालण्याआधीची तपासणी

हा टप्पा सर्रास गाळला जातो आणि सर्वांत मोठा धोकाही येथेच आहे. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर पिष्टमय अन्न किंवा ग्लुकोजचे सलाइन मिळाले की इन्सुलिन वाढते आणि रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम पेशींत ओढले जातात. हृदयाची लय बिघडणे, श्वास थकणे, अंगावर सूज येणे, हे पहिल्या काही दिवसांत घडते. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात.

पुढीलपैकी एक जरी असेल तरी धोका मोठा धरावा: बीएमआय १६ पेक्षा कमी, ३ ते ६ महिन्यांत १५ टक्क्यांहून अधिक घट, १० दिवसांहून अधिक काळ जवळजवळ उपवास, खाणे सुरू करण्याआधीच ही तीन क्षारद्रव्ये कमी असणे. किंवा पुढीलपैकी दोन: बीएमआय १८.५ पेक्षा कमी. १० टक्क्यांहून अधिक घट. ५ दिवसांहून अधिक उपवास. दारूचे व्यसन, अथवा इन्सुलिन, केमोथेरपी, आम्लपित्तावरची किंवा लघवी वाढवणारी औषधे.

आपला उदाहरणातला रुग्ण दुसऱ्या यादीतल्या पहिल्या दोन गोष्टींत बसतो. म्हणजे त्याला धोका आहे, आणि ‘इतका सुकलाय, भरपूर खाऊ घाला’ हा घरच्यांचा प्रेमळ आग्रह थोपवावा लागेल. अशा रुग्णाची सुरुवात दर किलोला १० किलोकॅलरींपर्यंत करून ४ ते ७ दिवसांत हळूहळू पूर्ण गरजेवर नेण्याची पद्धत आहे. ४७ किलोंना पहिल्या दिवशी ४७० किलोकॅलरी. दोन वाट्या पेज, एक चमचा तूप, एक अंडे आणि दीडशे मिलिलिटरचे दोन पेले गाईचे दूध, एवढ्यातच साधारण ४५५ होतात.

पडताळणी: पहिला घास किंवा पहिले ग्लुकोज जाण्याआधी थायमिन (जीवनसत्त्व ब-१) दिले गेले आहे का, रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पाठवले आहेत का आणि पुढील तीन दिवस ते रोज तपासण्याचा आदेश लिहिला आहे का? मात्रा ठरवणे डॉक्टरांचे काम. विचारण्याचे काम आपले.

## ७. उद्दिष्ट ठरवून ते ताटात उतरवणे

आजारी प्रौढासाठी साधारणपणे दर किलोला ३० किलोकॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने धरतात. मूत्रपिंडाच्या रुग्णात प्रथिने डॉक्टरांना विचारून ठरवावीत. आपल्या रुग्णाचे पूर्ण उद्दिष्ट १४१० किलोकॅलरी आणि ५६ ते ७० ग्रॅम प्रथिने होते.

आता पेजेकडे पाहू. उकड्या तांदळाची पेज आजाऱ्याच्या पोटाला मानवते आणि अकराच्या सुमारास तिची वेळ झाली की ताट न पाहणारा रुग्णही उठून बसतो, याबद्दल वाद नाही. पण एका वाटीत २० ग्रॅम तांदूळ धरला तर ७० किलोकॅलरी आणि जेमतेम दीड ग्रॅम प्रथिने मिळतात. ५६ ग्रॅमसाठी सदतीस वाट्या लागतील. म्हणून पेज काढून न टाकता तिला भरीव करावी. दोन चमचे, म्हणजे १५ ग्रॅम, साय काढलेल्या दुधाची पावडर थोड्या कोमट पाण्यात कालवून पेजेत घातली आणि वर एक चमचा तूप सोडले की तीच वाटी १७० किलोकॅलरी आणि साडेसहा ग्रॅम प्रथिनांची होते. पावडर थेट उकळत्या पेजेत टाकल्यास गुठळ्या होतात आणि रुग्ण पहिल्याच घासाला वाटी दूर सारतो.

बाकी भर अंडे, घट्ट वरण, कुळथाची पिठी, दुधातली नाचण्याची तिझन आणि काटे काढलेले मासे यांनी घालावी. काटे काढलेल्या ६० ग्रॅम बांगड्यात ११ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. वरणाचे वरचे पाणी ‘ताकदीचे’ म्हणून देण्यात अर्थ नाही. डाळ तळाशी राहते. सोलकढीने तोंडाला चव येते, प्रथिने येत नाहीत. पेजेसोबतचे खारे (खारवलेले सुके मासे) आणि लोणचे सूज असलेल्या रुग्णाला देऊ नये. शहाळ्याचे पाणी मूत्रपिंडाच्या रुग्णाला विचारल्याशिवाय नको, कारण त्यात पोटॅशियम बरेच असते.

पथ्यांची चळत लागली असेल तर ती उपसावी. मधुमेह म्हणून साखर बंद, रक्तदाब म्हणून मीठ बंद, कोलेस्टेरॉल म्हणून तूप-अंडे बंद, अशा वेगवेगळ्या दिवशी लिहिलेल्या तीन सूचना मिळून रुग्णापुढे फिकी, कोरडी चपाती उरते. पाव ताट खाणाऱ्या कुपोषित रुग्णात कोणते पथ्य काही आठवडे सैल करता येईल, हे राउंडला थेट विचारावे. माझ्या अनुभवात एखादे तरी सुटतेच.

अन्नाने भागत नसेल तर तयार पूरक पेय सुरू करावे आणि त्यातून दिवसाला किमान ४०० किलोकॅलरी व ३० ग्रॅम प्रथिने मिळतील इतके द्यावे. चहात एक चमचा पावडर टाकणे म्हणजे पूरक आहार नव्हे. डब्यातल्या मापाने किती मापे, किती पाण्यात, कितीदा, हे लिहून द्यावे.

नळीने अन्न देण्याचा निर्णय डॉक्टरांचा. नळी जागेवर असल्याची खात्री नळीतून काढलेल्या द्रवाच्या पीएचने (आम्लतेच्या मापाने) किंवा एक्स-रेने करावी. हवा सोडून पोटावर आवाज ऐकणे ही खात्री नव्हे. अन्न देताना डोके ३० ते ४५ अंश वर असावे.

## ८. ताट समोर आल्यावर

ताट पोहोचले म्हणजे जेवण झाले नाही. उजव्या अंगाला पक्षाघात झालेल्या रुग्णाचे ताट उजवीकडच्या लॉकरवर ठेवलेले, झाकण घट्ट, पेजेवर साय धरलेली आणि चमचा ताटाखाली, असे दृश्य मी इतक्यांदा पाहिले आहे की आता वॉर्डात शिरताच आधी लॉकर पाहते. जेवणाआधी रुग्णाला बसते करावे, हात धुवावेत, कवळी घालावी, ताट चालत्या हाताच्या बाजूला घ्यावे आणि झाकण स्वतः काढावे. न्याहारीच्या वेळी राउंड, ड्रेसिंग किंवा रक्त घेणे आले तर ताट झाकून ठेवून नंतर गरम करून देण्याची जबाबदारी नाव घेऊन एकावर सोपवावी.

खाल्लेल्याची नोंद पूर्ण, पाऊण, अर्धे, पाव, काही नाही अशा पाच शब्दांत, ताट उचलण्याआधी करावी. रिकामे ताट पुरावा धरू नये: सत्तरीतल्या वाळपईहून पहाटेची कदंब बस पकडून आलेली सोबतची सून दिवसभर उपाशी असते आणि सासरा आपले ताट तिच्याकडे सरकवतो. तिला रागावण्यात अर्थ नाही. कँटीन कुठे आहे आणि किती वाजेपर्यंत उघडे असते ते तिला पहिल्याच दिवशी सांगावे. घरच्या डब्यातले खाल्ले असेल तर तेही नोंदवावे.

सावधान: खाटेवरची ‘तोंडाने काही नको’ ही पाटी रोज तपासावी. शस्त्रक्रियेआधी साधारणपणे घन अन्न ६ तास आणि साधे पाणी २ तास बंद असते. तपासणी रद्द झाली आणि पाटी तशीच राहिली तर रुग्ण दुसऱ्या दिवसापर्यंत उपाशी राहतो. पाटीवर तारीख, वेळ आणि ती कधी काढायची हे लिहावे.

## ९. पुन्हा मोजणे

आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, त्याच वेळी वजन घ्यावे. धोका असलेल्यांचे दोनदा घ्यावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर आनंदण्याआधी पायाच्या घोट्यावर अंगठा दाबून पाहावा. खड्डा राहिला तर ते पाणी आहे. तीन दिवस ताट अर्ध्यावर परत जात असेल तर त्याच योजनेला ‘चालू ठेवा’ लिहू नये, काय बदलले ते लिहावे.

## १०. घरी पाठवताना

डिस्चार्ज कार्डावर दाखल होतानाचे आणि आजचे वजन, निदान, रोजचे उद्दिष्ट आणि पूरक पेय चालू असेल तर ते किमान महिनाभर चालू ठेवण्याची सूचना लिहावी. ‘पौष्टिक आहार घ्यावा’ हे वाक्य खोडून त्या जागी घरात जे शिजते त्याची मापे लिहावीत: सकाळच्या पेजेत किती चमचे पावडर, दुपारी किती घट्ट वरण, नुस्ते नसलेल्या वारी त्याऐवजी काय. स्वयंपाक करणारी व्यक्ती भेटीच्या वेळेत येते. तिला बोलावून हे तिच्याकडून एकदा वदवून घ्यावे. शेवटी, दोन आठवड्यांनी जवळच्या आरोग्य केंद्रात वजन करण्याची तारीख कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात, औषधांच्या यादीच्या आधी टाकावी, कारण खालचे कोणी वाचत नाही.